शून्याखालची रेघ

११ फेब्रुवारी

नकट्या,

पाकीट मिळालं. दोनदा उपडं करून झटकलं, पण चिठ्ठी नव्हतीच. नुसता जाड कागद आणि त्यावर वाळलेल्या रक्ताचे ठिपके, मी सांगितले होते तसे, एकमेकांना न चिकटलेले. इतक्या वर्षांनी बहिणीला टपाल पाठवायचं आणि त्यात एक अक्षर घालायचं नाही, हे तुलाच जमतं. पण पाठवलंस. मी ते हातात घेऊन बसून राहिले, तर आमच्या आरसेवाल्यानं विचारलं, "कुणाचं लग्न निघालं?" हा आमच्याकडे लेसर आणि आरसे जुळवतो. त्याचं खरं पद लांबलचक आहे, पण सगळे आरसेवालाच म्हणतात. म्हटलं, लग्न नाही, भावाचं रक्त आलंय. तो उठून बाहेरच गेला. सुई पाहिली की हा गडी आडवा होतो.

तू विचारलेलं नाहीस, तरी या ठिपक्यांचं काय करणार ते सांगते. नाहीतर म्हणशील, ताईनं रक्त मागितलं आणि कुठे घातलं कोण जाणे. आमच्याकडे नखाएवढ्या काचेवर, हिलाच आम्ही चिप म्हणतो, सोन्याचा थर असतो, इतका पातळ की पलीकडचं दिसतं. हुरळून जाऊ नकोस, विकून एक कप चहाही येणार नाही. त्या सोन्यावर आम्ही डीएनएचे तोकडे धागे एका टोकानं रोवतो. दुसरं टोक मोकळं. दाट रोवले तर मध्ये काही शिरायला जागा उरत नाही, विरळ रोवले तर आडवे पडतात. तेवढ्या एका गोष्टीत माझे केस पिकले. हे धागे अर्धे असतात आणि त्यांचा जोडीदार म्हणजे आईच्या आजाराचा धागा, दुसरा कुणी नाही. रक्तातून काढलेला डीएनए त्यांच्यावरून वाहू द्यायचा. आजार असला तर जोडीदार सापडतो आणि तिथेच धरला जातो. नसला तर जे काही उगाच लटकलं असेल ते कोमट पाण्यानं धुऊन जातं.

आता धरलं की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काचेखालून प्रकाश सोडायचा. एका ठरावीक कोनाला तो परत येत नाही, सोन्यातच जिरतो. वर काही चिकटलं की तो कोन केसभर हलतो आणि पडद्यावर रेघ वर चढते. रक्तातला कचरा मात्र सगळ्यांचाच थोडाफार चिकटतो, म्हणून शेजारच्या वाटेतून एका निरोगी माणसाचा डीएनए सोडायचा. त्या माणसाची रेघ जिथे थांबते ते आमचं शून्य. त्याच्या वर जो चढला, त्याला आजार आहे. बस, एवढंच माझं आयुष्य.

रुग्णालयानं आपल्या दोघांची तपासणी केली ती जुन्या पद्धतीनं. पुसट पट्टे उजेडात धरून कुणीतरी माणूस ठरवायचा, आहे की नाही. तुझ्या कागदावर 'आहे' आलं, माझ्या कागदावर 'नाही'. तुझ्या त्या 'आहे'वर माझा कधीच विश्वास बसला नाही. तू मात्र त्याच दिवशी हाय खाल्लीस. आईचं शेवटचं वर्ष चालू असताना स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास, "तू सुटलीस ना, म्हणून तुला तिच्याकडे बघता येतं. मला तिच्या जागी मीच दिसतो." आणि बॅग उचललीस. मी म्हणाले, जा. तिला भरवायला हात दोनच होते, आणि दोन्ही माझे. मला फार राग आला होता. अजून आहे थोडा, तो भेटल्यावर काढीन.

आशा ठेवू नकोस. मीही ठेवलेली नाही. खोटं बोलले, ठेवली आहे.

ताई


६ मार्च

नकट्या,

आधी बस. जिन्यात उभा राहून वाचत असशील तर आत जा आणि बस.

तुझ्यात नाही. तुझी रेघ शून्यावर सपाट पडून राहिली. मला वाटलं चिप बिघडली, म्हणून नवी घेतली. पुन्हा सपाट. मग आजाराचा शुद्ध धागा सोडून पाहिला, हा आम्ही कारखान्यातून बनवून आणतो. त्याची रेघ दणक्यात वर गेली. म्हणजे चिप ठीक, धागे ठीक. मग तुझे उरलेले ठिपके घेतले आणि डोळ्यांची पापणी न लववता पडद्यासमोर बसले. सपाट! मी इतक्या मोठ्यानं रडले की आरसेवाल्यानं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि म्हणाला, "बाई, लेसरवर नका रडू."

रुग्णालय चुकलं होतं. ऐकतोयस ना? चुकलं होतं!

आता शहाण्यासारखं ऐक. आमची चिप अजून प्रयोगातली आहे. हिच्यावरून कुणाला काही सांगायचं नाही असा नियम आहे, आणि आमच्या प्रमुखबाईंना कळलं तर माझी धडगत नाही. तेव्हा एकदा चांगल्या ठिकाणी जाऊन पुन्हा तपासून घे. ते येईपर्यंत काही ठरवू नकोस. पण मी बहीण आहे. मला माहीत असताना मूग गिळून बसणं मला जमणार नाही.

त्या पडदे शिवणाऱ्या मुलीला सांग. तूच लिहिलं होतंस कधीकाळी, की तिला लग्नाचं विचारायची तुझी हिंमत नाही, कारण पुढे तिला तुझं करावं लागेल. ती अजून तिथेच आहे ना? तुझ्यासारख्या तोंड पाडून बसणाऱ्या माणसाबरोबर इतकी वर्षं टिकली, तिचे पाय धुवायला हवेत.

ताई


१९ जुलै

नकट्या,

तुझं पत्र आलं. वाचून मी प्रयोगशाळेच्या मोरीत जाऊन नळ सोडला आणि आतल्या आत नाचले. बाळ! तू बाप होणार. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा तपासणारा, घरी मोजेसुद्धा वाळत न घालणारा माझा भाऊ. वहिनी (लग्न झालंय, आता तिला हेच म्हणणार, धाकटी असली तरी) बाळासाठी पडद्याच्या उरलेल्या कापडाची झबली शिवतेय म्हणतोस. तिला सांग, जाड कापड नको. बाळाला खिडकीला नाही टांगायचंय.

दुसऱ्या तपासणीचं मी पुन्हा विचारलं, तर लिहितोस, "त्या असल्या इमारतीत मी आता पाय ठेवणार नाही. तू म्हणालीस, पुरे." वाचताना छाती फुगली माझी, हे कबूल करते. तरी जायला हवं होतंस. मी जास्त खेचायला हवं होतं.

अक्षर बिघडलंय म्हणतोस. घाईत लिहिते रे. शिवाय इथे सध्या डोक्याला ताप झालाय. इतके दिवस आम्ही कारखान्यातल्या शुद्ध धाग्यावर खूश होतो. आता बाईंनी खऱ्या रुग्णांचं रक्त मिळवलं, ज्यांना आजार आहे हे बघूनच कळतं. आणि चिप त्यांना ओळखतच नाही. सगळे शून्यावर. धड चालता न येणारा माणूस, त्याची रेघ सपाट. बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "हे यंत्र आहे की फळी?" मी धाग्यांवरच खापर फोडलं. दाट झाले असतील म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून रोवतेय.

तुला हे उगाच सांगितलं. तुझ्या बाबतीत काळजीचं काही नाही. तुझी मी नीट तपासली होती.

आईची आठवण येते. तिला आवडलं असतं.

ताई


४ ऑगस्ट
(पाठवलं नाही)

नकट्या,

हे पत्र मी टाकणार नाही, हे लिहायला घेतानाच माहीत आहे. पण कुणाशी तरी बोलायला हवं आणि आयुष्यभर मी तुझ्याशीच बोलत आलेय, तू उत्तर देत नव्हतास तेव्हाही.

निरोगी माणसाचा डीएनए म्हणून तुला सांगितलं होतं ना, तो माझा. आमच्याकडे शून्याला लागणारं रक्त कामावरचीच माणसं देतात, हा रिवाज. पण बाकीच्यांचं निरोगीपण नुसतं गृहीत धरलेलं आणि माझ्याकडे रुग्णालयाचा शिक्क्याचा कागद. म्हणून पहिल्या दिवसापासून शून्य माझंच. सगळे मला शून्यबाई म्हणतात. मलाही त्यात मजा वाटायची. तुला लिहिताना मात्र ते माझं असं लिहिलं नाही, कारण तुझ्यासमोर स्वतःला निरोगी म्हणायची मला लाज वाटते. जिभेवर तो शब्दच येत नाही.

गेल्या आठवड्यात मला ताप येऊन गेला, म्हणून माझं रक्त काढता येईना. माझा साठवलेला डीएनए संपत आलेला. बाई म्हणाल्या, दुसरं कुणीतरी द्या. कुणी तयार होईना, शेवटी आरसेवाला दोन खुर्च्या जोडून आडवा झाला, डोळ्यांवर रुमाल घेतला आणि म्हणाला, "घ्या. मेलो तर लेसर बंद करा." त्याचं रक्त काढलं. एका वाटेत माझं शेवटचं उरलेलं शून्य, शेजारी त्याचं.

त्याची रेघ खाली गेली. शून्याच्या खाली.

असं होत नाही, नकट्या. शून्याखाली काही नसतं. आरसेवाला उठून बसला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा, निरोग्याहून निरोगी!" सगळे हसले. मीही हसले. मग वाटेत बुडबुडा अडकला असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा खाली. त्यानं आरसा पुन्हा जुळवला. पुन्हा खाली, तेवढीच. आता कुणी हसत नव्हतं, कारण काय बिघडलंय ते कुणाला कळत नव्हतं. मला कळलं. मी बाटल्यांची जागा बदलली. त्याचं शून्य केलं आणि माझं तपासायच्या वाटेतून सोडलं.

माझी रेघ चढली. कोमट पाण्यानं धुतलं, हलली नाही. मग त्या रुग्णांचं रक्त लावलं, जे महिनाभर सपाट होते. सगळे चढले आणि माझ्याच उंचीला जाऊन थांबले. कारखान्यातला शुद्ध धागा मात्र इतका दाट असतो की तो माझ्या शून्यालाही ओलांडून जायचा, म्हणून इतके दिवस आम्ही फसलो.

म्हणजे चिप पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. आमचं शून्य जरा उंच येतं, कचरा फार चिकटतो, म्हणून आम्ही सोन्याला शिव्या घातल्या, साबण बदलले, धागे बदलले. तो कचरा नव्हता. आईचा आजार होता. मी रोज सकाळी तो स्वतःच्या हातानं बाटलीत भरायचे आणि म्हणायचे, हे शून्य.

तुझी रेघ माझ्या रेघेला लागून सपाट पडली होती. आता त्याचा अर्थ काय, हे तुला सांगायला मला शब्द शोधावे लागणार नाहीत. ते नको तितके सोपे आहेत.

पण थांब. एक वाट आहे. तेव्हा रुग्णालयात आपलं रक्त एकाच टेबलावर, एकाच नर्सनं, एकापाठोपाठ काढलं होतं. तू भोवळ आल्याचं नाटक केलंस आणि ती माझी नळी ठेवून तुझ्याकडे धावली. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर? तर 'आहे' माझं होतं आणि 'नाही' तुझं. तुझे ठिपके तर मी तेव्हाच संपवले, पण तयार केलेल्या डीएनएचा थेंब फ्रीजच्या तळाशी उरला असेल, पाणी घातलेला, कामाचा की नाही देव जाणे. तुझी रेघ माझ्या शून्याबरोबर सपाट पडली, ती वाळलेल्या ठिपक्यांतला कचरा जास्त चिकटल्यामुळेही असू शकते. असू शकते ना? आज दुपारपासून मी मनात एकच घोकतेय, मलाच असू दे, मलाच असू दे. आजार असल्याचा कुणाला आनंद होईल का? मला झाला. जिना उतरताना अक्षरशः हलकं वाटत होतं.


६ ऑगस्ट

नकट्या,

घाईत दोन ओळी. सोबत कोरा जाड कागद पाठवतेय. मागच्यासारखेच ठिपके दे, नीट वाळव आणि लगेच टपालात टाक. काही विशेष नाही. आमच्याकडे जुने नमुने वर्षातून एकदा बदलायचा नियम निघालाय, बाईंचं डोकं. वहिनीला बरं वाटतंय का? उलट्या थांबल्या का? किती महिने झाले ते नीट कळव, गोल गोल लिहू नकोस.

लगेच टाक हं.

ताई


२६ ऑगस्ट

नकट्या,

हे पत्र वहिनी घरात असताना वाच. ती नसेल तर पाकीट बंद कर आणि तिची वाट बघ.

नमुने बदलायचा नियमबियम काही निघालेला नाही. मी खोटं लिहिलं. मार्चमध्ये मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. तुझ्यात आईचा आजार आहे.

पुन्हा वाचू नकोस, तेच लिहिलंय. तुझे नवे ठिपके आले त्या दिवशीच तपासले. मग दुसऱ्या चिपवर. मग आरसेवाल्याला बसवलं, कुणाचे ते न सांगता, कारण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नव्हता. त्यानंही तेच वाचलं. शून्यासाठी आम्ही ज्या रक्ताला निरोगी धरलं होतं ते निरोगी नव्हतं. त्या माणसाला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. त्यामुळे ज्याला ज्याला आजार होता तो तो त्याच्याशी जुळला आणि निरोगी ठरला. एवढीच चूक. सांगायला दोन वाक्यं लागतात. आम्ही, एवढी शिकलेली माणसं, तीवर दीड वर्ष बसून होतो.

मी तुला आधी सांगायला नको होतं. नियम होता, तो अशाच वेळेसाठी असतो. मी नियम मोडला, कारण मला तुझ्याकडून एक पत्र हवं होतं. मला माझा भाऊ परत हवा होता आणि तो चांगल्या बातमीशिवाय येणार नाही हे मला माहीत होतं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

आता बाळाचं. निम्मी शक्यता आहे, असण्याची निम्मी आणि नसण्याची निम्मी. पोटातल्या बाळाची तपासणी होते आणि अजून वेळ आहे. पण ती तपासणी माझ्याकडे नको. मोठ्या रुग्णालयात जा, जिथे माझं कुणी ओळखीचं नाही. माझ्या हातचं काही नको आता. काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी तोंड उघडणार नाही.

आईला सगळ्यात आधी बोटं गेली होती, आठवतं? बटणं लावता येईनात. तू तिची बटणं लावायचास आणि चुकीच्या काजात घालून तिला हसवायचास. ती हसायची तेव्हा आजारी वाटायची नाही.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तू काही देऊ नकोस.

ताई


१४ सप्टेंबर

नकट्या,

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. पहिल्यात जे लिहिलंस ते सगळं वाचलं. "तू सुटलीस. काठावर उभं राहून दोर फेकायचा आणि परत ओढून घ्यायचा, तुला जमतं, कारण पाण्यात तू नाहीस." अशी वाक्यं तू कधीपासून लिहायला लागलास? माझ्या जिव्हारी लागलं. लागायलाच हवं होतं. मी तो कागद उशीखाली ठेवला, फाडला नाही.

दुसरं पत्र मात्र मला पहिल्यासारखं वाचता आलं नाही. एक ओळ वाचायची, मग खिडकीशी जायचं, असं करत वाचलं. वहिनी म्हणते बाळ ठेवायचं. तपासायचंही नाही, म्हणते, जे असेल ते माझं आहे. तू तिला विचारलंस, मी आईसारखा झालो की? बाळ लहान असतानाच झालो की? तर ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "ताई आहेत ना." आणि मग तू मला लिहिलंस: "ताई, पहिल्या पत्रातलं विसर. तू निरोगी आहेस, हे एवढं एकच आपल्या घरात बरं झालं. तू आईचं केलंस. माझं कर असं म्हणत नाही, मला कुठेही टाका. पण बाळाला तू आहेस ना? एवढंच लिही, की तू आहेस. मग मी हिला हो म्हणतो."

मी लिहिलं. त्याच दिवशी लिहिलं, "आहे रे, मी आहे." पाकीट चिकटवलं, कोटाच्या खिशात घातलं आणि टपालपेटीपर्यंत गेले. मला वाटलं, यात काय बिघडतं? अजून काही वर्षं तर मी असेनच. बाळ चालायला लागेल, शाळेत जाईल. तुझा जीव भांड्यात पडेल, वहिनी झोपेल शांत. तू मला माफ केलंयस, ते तसंच राहील. नकट्या, मला ते फार हवं होतं. इतकी वर्षं तुझ्याशिवाय काढली, आता तू मला ताई म्हणून हाक मारतोयस. ती हाक मला गमवायची नव्हती.

पण मी असं एकदा केलंय. तुला हवं ते सांगितलं, मलाही तेच हवं होतं म्हणून. त्यावर तू लग्न केलंस, बाळ आणलंस. आता दुसऱ्यांदा माझ्या शब्दावर अख्खं घर उभं करू देऊ? परत आले, पाकीट मोरीत जाळलं.

ज्या माणसाला स्वतःला माहीत नव्हतं असं मी लिहिलं होतं, ज्याचं रक्त आम्ही निरोगी धरलं होतं, ती मी. मला आहे. रुग्णालय चुकलंच होतं, मी मार्चमध्ये बरोबर बोलले होते. फक्त ते तुझ्या बाबतीत चुकलं नव्हतं, माझ्या बाबतीत चुकलं होतं. मध्यंतरी, रुग्णालयात आपल्या रक्ताच्या नळ्या बदलल्या असतील अशी मी फार आस धरली होती, म्हणजे आजार मलाच असता, तुला नसता. नाही झालं तसं. दोघांनाही आहे. मी सुटले नव्हते. तू निघून गेलास तेव्हाही नाही, आईला भरवत होते तेव्हाही नाही.

हे तुझ्यापासून लपवलं, कारण मी स्वतःला म्हणाले, त्याला एवढ्यात एवढं नको. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. कशाची, ते धड सांगता येत नाही. तू माझ्यावर रागावलास तर ते मी सोसू शकते. तू माझी कीव केलीस तर माझं काय होईल मला माहीत नाही.

तुझी बहीण म्हणून मला हे अजिबात मान्य नाही. कुणाशी भांडू ते कळत नाही, नाहीतर भांडले असते. त्या पट्टे वाचणाऱ्या माणसाचं तोंड आठवायचा प्रयत्न करते. कधी पाहिलेलंच नाही.

अक्षर बिघडलंय हे तुला माझ्या आधी कळलं. घाई नव्हती. बाईंना सगळं सांगितलं, तुला चोरून तपासल्याचंही. मला वाटलं काढून टाकतील. त्यांनी माझ्या हातातली थेंब मोजायची पिपेट काढून घेतली आणि म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही कागदांचं बघा. मी कागदांचं बघते. आरसेवाला जेवायच्या सुट्टीत येऊन बसतो आणि यंत्र कसं चाललंय ते सांगतो. आता ते चांगलं चालतं. रुग्ण सगळे ओळखले जातात. शून्यासाठी त्याचंच रक्त वापरतात आणि दर वेळी तो दोन खुर्च्या जोडतो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी आहे, पण तुला हवी तशी नाही. तुला ज्या वर्षांची भीती वाटते तीच वर्षं माझीही आहेत, मी मोठी आहे तर कदाचित तुझ्या आधीची. माझ्या भरवशावर हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. वहिनीला हे पत्र वाचायला दे, सबंध दे, वरचा भाग फाडून नको. मग तिला पुन्हा विचार. "ताई आहेत ना" हे काढून टाकल्यावरही ती ठेवायचं म्हणाली, तर ते तिचं म्हणणं. आणि नको म्हणाली, तर तिला कुणी, अगदी तूसुद्धा, एक शब्द बोलायचा नाही.

ठेवलंत तर मी येईन. मला बोलवायची वाट बघणार नाही, गाडीत बसेन आणि येईन. मला त्याला घ्यायचंय. फक्त मी मांडीवर घेतलं की वहिनीला माझ्या समोर बसव, अगदी जवळ, आणि तिला सांग, ताईंना वाईट वाटेल असं मनात आणू नकोस, तुझे दोन्ही हात ताईंच्या हातांखाली ठेव.

ताई